विंचवावर रक्तदाबाची गोळी: महाडच्या डॉक्टरांना पद्मश्री मिळाली ती नेमकी कशासाठी?

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते. नट, गायक, खेळाडू यांची नावं आपण लगेच ओळखतो. बाकीच्या नावांवरून नजर सरकत जाते. २०२२च्या यादीत १२८ पुरस्कार होते आणि त्यात वैद्यक या रकान्यात महाराष्ट्रातल्या काही नावांपैकी एक होतं, डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडचे डॉक्टर, विंचूदंशावर संशोधन, ग्रामीण भागात रुग्णसेवा. एवढ्या माहितीवर आपण अभिमान वाटून घेतो आणि पुढे जातो.

या माहितीत चूक काही नाही, पण ती वाचून दोन गैरसमज मात्र होतात. पहिला, बावस्करांनी विंचवावरचा कुठला तरी नवा उतारा शोधला. तसं झालेलं नाही. त्यांनी विंचू चावलेल्या माणसाला रक्तदाबाची गोळी दिली, तीही बाजारात आधीपासून मिळणारी. दुसरा, संशोधन आणि सेवा ही त्यांची दोन वेगळी कामं. रुग्ण संपले की प्रयोगशाळेत जाऊन बसत असतील, असं काहीसं आपल्या मनात येतं. हे दोन्ही समज दूर करायचे तर आधी विंचवाचं विष समजून घ्यावं लागेल.

विष शरीरात काय करतं?

कोकणात प्रामुख्याने दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक मोठा काळा, दिसायला भयंकर. त्याने नांगी मारली तर खूप आग होते, पण जीव सहसा जात नाही. दुसरा तांबडा, आकाराने बराच लहान. घातक तो हा. जांभ्याच्या मातीत, दगडांच्या खाचांत, लाकडांच्या ढिगात आणि भाताच्या पेंढ्यात तो दडून असतो आणि रात्री बाहेर पडतो.

त्याच्या विषात अगदी लहान आकाराची प्रथिनं असतात. ती रक्तातून मज्जातंतूंपर्यंत पोचतात. प्रत्येक मज्जापेशीच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी सूक्ष्म छिद्रं असतात. संदेश पुढे पाठवायची वेळ आली की ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडतात आणि मिटतात. तांबड्या विंचवाचं विष ही छिद्रं नीट मिटूच देत नाही. मग संदेश थांबत नाहीत. मज्जातंतू मरत नाही, सडत नाही. तो फक्त न थांबता काम करत राहतो.

आता हे कुठल्या मज्जातंतूंत होतं ते महत्त्वाचं. घाम, लाळ, हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण या गोष्टी आपण ठरवून करत नाही. त्या परस्पर सांभाळणाऱ्या यंत्रणेला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. विंचवाचं विष मुख्यतः तिलाच पेटवतं.

जाता जाता एक गंमत. याच तांबड्या विंचवाच्या विषातून १९९०च्या सुमारास आयबेरिओटॉक्सिन नावाचं एक प्रथिन वेगळं काढलं गेलं. पेशींवरची पोटॅशियमची एक विशिष्ट वाहिनी ते बंद करतं. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा ते साधन म्हणून वापरतात.

जास्त दुखतंय म्हणजे जास्त धोका का?

विंचू चावला की घरातला पहिला प्रश्न असतो, किती दुखतंय? माणूस किंचाळत असेल तर सगळे घाबरतात आणि शांत असेल तर निर्धास्त होतात. बावस्करांनी नोंदवलेल्या लक्षणांवरून दिसतं की अनेकदा याच्या उलट असतं. फक्त दंशाच्या जागी प्रचंड वेदना असलेला रुग्ण बहुतेक वेळा एक दिवसात बरा होतो. ज्याला विशेष दुखत नाही, पण दरदरून घाम सुटलाय, उलट्या होताहेत, तोंडातून लाळ गळतेय, हातपाय गार पडलेत, त्याच्याकडे धावायला हवं. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंगाला ताठरपणा येतो. हेही विष शरीरभर पसरल्याचं ठळक लक्षण आहे, त्यामुळे ते डॉक्टरांपासून लपवू नये.

पुढच्या काही तासांत हृदयाचं काय होणार, याची ही पूर्वसूचना असते. १९८२मध्ये बावस्करांचा जो निबंध 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आला, त्याचा विषय हाच होता. औषधाचा त्यात प्रश्नच नव्हता. कोणता रुग्ण बिघडणार हे आधी कसं ओळखायचं, एवढंच त्यात होतं. माझ्या मते पुढचं सगळं या निबंधावर उभं आहे, आणि पुरस्काराच्या बातम्यांत नेमका तोच गळतो.

मग जीव जातो कशाने?

घाम आणि उलट्यांचा पहिला टप्पा ओसरतो आणि ॲड्रिनॅलिन आणि तिच्या जातीच्या संप्रेरकांचा पूर येतो. एरवी घाबरल्यावर ही संप्रेरकं थोडी स्रवतात. इथे ती बेसुमार सुटतात. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय थंड पडतात ते त्यामुळेच. रक्तदाब चढतो, ठोके वाढतात.

विहिरीवरच्या मोटरपंपाचा विचार करा. मोटर चालू आहे, पण शेतातल्या टोकाला कोणीतरी व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला आहे. पाणी पुढे जात नाही, पाइपमधला दाब वाढत जातो, मोटर गरम होते आणि जोडांमधून पाणी फुटू लागतं. हृदयाचं असंच होतं. आकसलेल्या वाहिन्यांमध्ये रक्त ढकलून ते थकतं, त्यात ॲड्रिनॅलिनच्या माऱ्याने त्याच्या स्नायूला थेट इजाही होते. डाव्या बाजूला रक्त पुढे रेटता येत नाही, ते मागे फुप्फुसांत साठतं आणि तिथल्या नाजूक केशवाहिन्यांतून पाणी हवेच्या जागेत झिरपतं. याला फुप्फुससूज म्हणतात. रुग्णाला आडवं झोपवत नाही, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो आणि कोरड्या जमिनीवर माणूस बुडून मरतो.

लहान मुलांना धोका जास्त, कारण विषाची मात्रा तेवढीच आणि अंग मात्र लहान.

रक्तदाबाची गोळी इथे कशी आली?

बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढे पुण्याहून एमडी करून ते परत कोकणातच आले.

तेव्हा विंचूदंशावर जे जे दिलं जायचं त्याची यादी लांब आहे: स्टिरॉइड, ॲट्रोपिन, हृदयाला जोर देणारं डिजॉक्सिन, गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण. आता पंपाकडे पाहा. डिजॉक्सिन म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना मोटरचा जोर वाढवणं. ॲट्रोपिनने घाम थांबतो खरा, पण हृदयाची धडधड आणखी वाढते. ठोके कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधं द्यावीत असंही वाटेल, पण थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर त्यांनी जाऊ शकतो आणि वाहिन्या आकसलेल्याच राहतात.

करायला हवं होतं ते व्हॉल्व्ह उघडण्याचं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ॲड्रिनॅलिन-वर्गातल्या संप्रेरकांचा हुकूम घेणारे जे ग्राहक असतात, त्यांना अल्फा-१ म्हणतात. प्राझोसिन नावाचं औषध हे ग्राहक अडवतं. संप्रेरक रक्तात असतं, पण त्याचा हुकूम वाहिनीपर्यंत पोचत नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो, फुप्फुसांतलं पाणी हळूहळू मागे हटतं. अशा जुन्या काही औषधांनी ठोके फार वाढायचे. प्राझोसिनने ते तितकेसे वाढत नाहीत. शिवाय ती तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी होती. ज्या आरोग्य केंद्रात ना अतिदक्षता विभाग ना हृदयतज्ज्ञ, तिथे हा गुण सर्वांत मोठा.

१९८६मध्ये प्राझोसिनच्या अनुभवावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. बावस्करांच्या लेखांत दिलेल्या आकड्यांनुसार, प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं.

"औषध तर आधीचंच होतं, मग शोध कसला?"

ही शंका वाजवी आहे. प्राझोसिनचा रेणू औषध कंपनीने बनवला, त्याचं श्रेय बावस्करांना कोणी देत नाही आणि देऊही नये. पण ते कपाटात पडून असताना विंचवाने मरणाऱ्या मुलाला ते द्यावं, हे सुचायला मृत्यूचं कारण नेमकं माहीत असावं लागतं. रुग्ण विषबाधेने गेला, एवढ्याच निदानावर थांबलं तर रक्तदाबाच्या गोळीकडे हात जाणारच नाही. त्यासाठी तो हृदय थकल्याने गेला हे कळायला हवं, आणि हृदय थकलं ते वाहिन्या आकसल्याने, हेही. ही साखळी जुळवायला रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, हातापायांचं तापमान लिहून ठेवावं लागलं.

सेवा आणि संशोधन वेगळं काढता येत नाही ते इथे. तांबडा विंचू चावलेलं मूल बिरवाडीहून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत वेळ निघून जायची. म्हणजे हा आजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळणारी जागा फक्त गावचं आरोग्य केंद्र होती. तिथे राहणारा आणि लिहून ठेवणारा डॉक्टर नसता, तर हे संशोधन जगात कुठेच होऊ शकलं नसतं. निदान कोकणातल्या या विंचवापुरतं तरी.

"आधी तीस, नंतर एक, पण हे गोळीनेच झालं कशावरून?"

चांगला वाचक हे विचारणारच. त्याच वर्षांत रस्ते सुधारले, लोक दवाखान्यात लवकर येऊ लागले, सलाइन-ऑक्सिजन मिळू लागला. आधी आणि नंतरची तुलना करताना या गोष्टींचा वाटा वेगळा काढता येत नाही, हे मान्यच करायला हवं. सर्वांत भक्कम पुरावा मिळतो तो यादृच्छिक चाचणीतून: रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीशिवाय पाडायचे आणि दोन्ही गटांना वेगळे उपचार देऊन पाहायचं. पण मृत्यू इतके घटल्यावर निम्म्या मुलांना प्राझोसिन न देता ठेवणं कुठल्या डॉक्टरला जमेल? म्हणून प्राझोसिनच्या बाजूचा पुरावा बराचसा शरीरक्रियेच्या तर्कावर आणि अनेक वर्षांच्या नोंदींवर उभा आहे. तो पुरेसा आहे, पण परिपूर्ण नाही.

"विंचवावर लस निघाली आहे ना?"

लोक ज्याला लस म्हणतात ते प्रतिविष. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वेगळी काढतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये तांबड्या विंचवाचं प्रतिविष तयार झालं. त्यावर बावस्कर बराच काळ साशंक होते. १९९१मध्ये त्यांनी प्रतिविष खरंच आवश्यक आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारणारा निबंध लिहिला होता. शंकेला कारण होतं: प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, पण आधीच सुटलेल्या ॲड्रिनॅलिनचं काही करू शकत नाही.

मग त्यांनी स्वतःच ते तपासलं. महाडमध्ये ७० रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०११मध्ये ती छापली. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८ होते आणि दुसऱ्या गटात ३२. म्हणजे दोन्ही एकत्र देणं बरंच चांगलं ठरलं. ज्या उपचाराने नाव मिळालं त्याची मर्यादा स्वतःच दाखवणारे संशोधक फार नसतात, म्हणून मला ही चाचणी १९८६च्या निबंधाइतकीच मोठी वाटते. चाचणीत उणिवाही होत्या. रुग्ण थोडे, केंद्र एकच, आणि कोणाला काय दिलं जातंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं.

आता दोन्हींची कामं स्पष्ट आहेत. प्रतिविष नवं नुकसान थांबवतं, प्राझोसिन झालेल्या नुकसानातून हृदयाला वाचवतं. प्रतिविष जितकं लवकर, तितका उपयोग.

"आमच्याकडे मंत्राने उतरतो की!"

बहुतेक विंचूदंशांत विष शरीरभर पसरत नाही. आग होते आणि एका दिवसात आपोआप कमी होते. काळा विंचू असेल तर बहुधा तेवढंच. अशा वेळी मंत्र घातला, कांदा चोळला, पाला बांधला, काहीही केलं तरी माणूस बराच होणार आणि श्रेय मांत्रिकाला जाणार. घोटाळा होतो तो उरलेल्या रुग्णांत. तो रुग्ण कोणता, हे पहिल्या अर्ध्या तासात मांत्रिकाला ओळखता येत नाही, आणि गारठलेले हातपाय दिसेपर्यंत हातातली वेळ गेलेली असते.

मग गोळी घरात आणून ठेवावी का?

नाही. प्राझोसिनच्या पहिल्याच मात्रेनंतर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम घसरून माणूस कोसळू शकतो. आधीच उलट्या आणि घामाने शरीरातलं पाणी गेलेलं असतं. म्हणून ती झोपवून, रक्तदाब मोजत आणि वजनाप्रमाणे मात्रा ठरवून द्यावी लागते. शिवाय नुसत्या आगीच्या वेदनेवर तिचा उपयोग नाही. जिथे गरज नाही तिथे ती द्यायचीच नसते.

घरी करायचं ते एवढंच: रुग्णाला शांत ठेवा, दंशाच्या जागी बर्फ लावा, चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, आणि घाम-उलट्या दिसल्या की थेट आरोग्य केंद्र गाठा. लाकडं, पेंढा, दगड उचलताना हाताऐवजी काठीने हलवा. सकाळी चप्पल-बूट झाडून घाला. पोरांना अंधारात अनवाणी सोडू नका.

पुरस्कारात काय बसतं, काय निसटतं

पद्म पुरस्कार १९५४पासून दिले जातात. ते पदवी नव्हेत. नावाच्या आधी किंवा नंतर ते लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये स्पष्ट केलं. तरी पत्रिकेपासून फलकापर्यंत सगळीकडे 'पद्मश्री' लागतंच, तो भाग वेगळा. नामांकन कोणीही करू शकतो. अर्जात क्षेत्र निवडावं लागतं: समाजकार्य, विज्ञान आणि अभियांत्रिकी, वैद्यक आणि आणखी काही. बावस्करांचं काम यातल्या किमान तीन रकान्यांत बसतं, मिळाला एक. त्यात न मावणारं उदाहरण द्यायचं तर २०१३चं घ्या. रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने त्यांना १२०० रुपयांचा धनादेश पाठवला. तो वटवण्याऐवजी त्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 'कट प्रॅक्टिस', म्हणजे रुग्ण पाठवायचं कमिशन, या विषयावर त्यानंतर उघडपणे बोललं जाऊ लागलं. वैद्यकाच्या रकान्यात याची नोंद कशी करणार?

आणि एक गोष्ट मला खटकते. १९८६च्या 'लॅन्सेट'मधल्या प्राझोसिनच्या निबंधावर दोन नावं आहेत. २०११च्या चाचणीवरही दोनच. दुसरं नाव त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांचं. पद्मश्रीच्या यादीत मात्र एकच नाव आलं. गडचिरोलीच्या अभय आणि राणी बंग यांना २०१८मध्ये पद्मश्री दिली गेली ती दोघांना मिळून, म्हणजे सरकारला जोडीने पुरस्कार देता येत नाही असं नाही. महाडच्या बाबतीतही ते करता आलं असतं.